साडेतीनची ओळ

इथले अनुभव मी गेली दोन वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर बरेचसे वाचून हसलोय. पांढरी साडी, उलटे पाय, सुनसान रस्त्यावर लिफ्ट मागणारी बाई... माझा पिंडच तो नाही. मी पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. अमावास्येला स्कूटर घेतली म्हणून आमच्या आईनं आठ दिवस अबोला धरला होता. ती स्कूटर सतरा वर्षं चालली. तेव्हा लिहिणारा माणूस कसा आहे ते आधीच लक्षात घ्या. आणि तरीही माझ्या कपाटात एक वही आहे, त्या वहीत एक पान आहे, आणि त्या पानावरच्या एका ओळीचं काय करायचं हे मला आजतागायत कळलेलं नाही.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटीची. आम्ही नाशिकला, कॉलेज रोडच्या मागे राहायचो. आमचा पाच-सहा जणांचा एक ग्रुप होता — नाव-बिव काही नाही — महिन्यातून एका रविवारी डोंगरात जायचो. लीडर मी. म्हणजे कोणी निवडून दिलं नव्हतं, पण मास्तर माणूस असला की शिट्टी आपोआप त्याच्याच गळ्यात येते.

आता वहीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावरच आहे. मी डोंगरावर हवामानाची वही ठेवायचो. आदल्या रात्री पानावर रकाने आखायचे आणि डाव्या बाजूला वेळा लिहून ठेवायच्या... आठ, साडेआठ, नऊ, अशा संध्याकाळी सहापर्यंत. मग प्रत्येक अर्ध्या तासाला त्या ओळीत भरायचं : तापमान, वारा, आकाश आणि शेवटी 'माणसं'. या शेवटच्या रकान्यावरून माझी भरपूर टिंगल व्हायची. पण एकदा अंजनेरीवर धुक्यात आमच्यातला एक जण मागे राहिला आणि ते आम्हाला थेट एसटीत तिकीट काढताना कळलं. तेव्हापासून दर अर्ध्या तासाला माणसं मोजायची आणि लिहायची, हा नियम. वाट चुकली, कोणाला लागलं, काहीही झालं तरी वही थांबवायची नाही.

दुसरा नियम कातळाचा. अवघड कातळटप्पा आला की लीडर सगळ्यांच्या खाली. म्हणजे चढताना शेवटी, उतरताना पहिला, म्हणजे वरच्या माणसाचं पाऊल हातानं धरून खोबणीत ठेवता येतं. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून तेवढ्या वेळापुरती वही, पेन्सिल आणि थर्मामीटर सगळ्यात वर असणाऱ्या माणसाकडे. हा माणूस म्हणजे बहुतेक वेळा मृणाल, माझी मुलगी.

मृणाल तेव्हा अठरा वर्षांची, एफवायबीएस्सीला. पोरगी डावखुरी. पहिलीत असताना तिच्या बाईंनी तिला उजव्या हातानं लिहायला लावायचा घाट घातला होता, तेव्हा मी शाळेत जाऊन व्यवस्थित भांडून आलो होतो. अक्षर तिला मीच शिकवलं, पाटीवर स्वतः गिरवून. त्यामुळे तिचं अक्षर हुबेहूब माझं. रजेचे अर्ज ती स्वतःच लिहून माझी सही ठोकायची, हे मला ती कॉलेजात गेल्यावर समजलं.

तर... होळीच्या आधीचा रविवार. हरिहर गडावर जायचं ठरलं होतं. सकाळच्या खोडाळ्याच्या एसटीनं आम्ही आठच्या सुमारास निरगुडपाड्याला उतरलो. एकूण सहा जण. मी आणि मृणाल. दिगू, म्हणजे दिगंबर — पंचवटीत त्याचं स्पेअर पार्टचं दुकान, तोंडाचा फटकळ पण डोंगरात पक्का. शशीताई, पन्नाशीच्या नर्स, जेमतेम चार वाक्यं बोलणार. आणि राजेश-वैशाली हे नवीन जोडपं, लग्नाला दोन महिने झालेले, डोंगरात पहिल्यांदाच. वैशालीच्या हातातला हिरवा चुडा अजून उतरला नव्हता.

जे डोंगरात जात नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. फाल्गुनातला डोंगर दिसायला गरीब असतो आणि वागायला फसवा. पावसाळ्यात माणूस घाबरून, जपून चालतो. थंडीत हवा स्वच्छ. पण थंडी सरता सरता पहाटे स्वेटर लागतो, दुपारी कातळ चटके देतो, वाळलेल्या गवतावरून पाय सटकतो आणि एखाद्या दिवशी तासाभरात आभाळ भरून येतं. वर्गात मी हे तासभर शिकवायचो. त्या दिवशी मात्र मला काहीच दिसलं नाही, कारण सकाळी आकाश लख्ख होतं, तापमान बारा डिग्री होतं आणि माझा माझ्या थर्मामीटरवर फार विश्वास होता.

पाड्यावर आम्ही नेहमी सोमाबाबाच्या अंगणात सॅक टेकवायचो. म्हातारा सकाळीच घाईत होता. शेताच्या तुकड्यावर फांद्या, शेण, पाचोळा पसरून ठेवला होता. पावसाळ्यात भाताची रोपं टाकायची ती जागा आधी अशी भाजून घेतात, त्याला राब म्हणतात. एरवी हे काम निवांत चालतं, होळीनंतर सुद्धा. मी म्हटलं, "बाबा, एवढी घाई कसली? अजून महिना आहे."

"आजच भाजून घेतो सायेब," तो म्हणाला. "सांच्याला पानी येल. भिजला का राब जळत नाय मंग."

मी वर बघितलं. ढगाचा ठिपका नव्हता. "पाणी? आज? अहो, आज काही पाणीबिणी नाही," असं मी त्याला वही दाखवून सांगितलं. वही दाखवून! तो हसला आणि कामाला लागला. दिगू म्हणाला, "सर, बाबाला पण एक थर्मामीटर घेऊन द्या." आम्ही सगळे हसलो आणि निघालो.

ज्यांनी हरिहर पाहिलाय त्यांना पायऱ्यांबद्दल सांगायला नको. उभ्या कातळात कोरलेल्या, शिडीसारख्या. दोन्ही बाजूंना हात घालायला खोबण्या, पाठीमागे नुसती हवा. आज तिथे रांगा लागतात म्हणे, तेव्हा दिवसभरात चिटपाखरू भेटत नसे. मृणाल वही घेऊन पहिली चढली, मी शेवटी. राजेश-वैशालीला वर न्यायला पाऊण तास लागला. त्यातली अकराची नोंद मृणालनं वरून केली आणि दरवाजाशी पोचल्यावर वही मला परत दिली. साडेअकरापासून दीडपर्यंतच्या पाच नोंदी माझ्या. प्रत्येक वेळी मी त्या पानावर नजर टाकली होती आणि खालच्या सगळ्या ओळी कोऱ्या होत्या, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

माथ्यावर एक दगडी कोठी आहे. जुनी, जाड भिंतींची, आत शिरायला फक्त एक छोटी खिडकी. तिच्या सावलीत डबे सोडले. दीडला तापमान बत्तीस. खाली वैतरणेचं पाणी चकाकत होतं आणि सोमाबाबाच्या राबाचा धूर सरळ उभा चढत होता. मार्चमध्ये दुपारी तिथे पश्चिमेचा वारा असतो, धूर वाकायला हवा होता. मी लिहिलं : 'वारा नाही.' आणि शेंगदाण्याची चिक्की खाल्ली.

दोन वाजता पुढची नोंद करायला वही उघडली... आणि साडेतीनची ओळ भरलेली होती.

अडीचची कोरी. तीनची कोरी. साडेतीनची भरलेली. पेन्सिलीनं, माझ्या अक्षरात : 'तापमान १४. वारा पूर्वेकडून, जोराचा. गारा.' आणि शेवटच्या रकान्यात : '५'.

पहिली प्रतिक्रिया म्हणजे राग. हा दिगूचा चावटपणा, दुसरं कोण? पण वही सकाळी साडेअकरापासून माझ्या शर्टाच्या खिशात होती, बटण लावलेली. शिवाय दिगूचं अक्षर म्हणजे... त्याची बिलं त्याला स्वतःलाही वाचता येत नाहीत. मग वाटलं, मीच उन्हाच्या तंद्रीत लिहिलं असेल. चाळिशी उलटलेल्या माणसाला ऊन लागू शकतं. ओळ जराशी पुसट होती, हात फिरल्यासारखी. घामाचा हात लागला असणार, असं मी स्वतःला समजावलं. पण त्या पाचाच्या आकड्यावर पेन्सिल इतकी दाबून ओढली होती की पान उलटलं तर मागे बोटाला लागत होता.

मी मृणालला विचारलं, शक्य तितक्या साध्या आवाजात, "तू काही लिहिलंस का गं वहीत?"

"अकराची ओळ लिहिली ना बाबा. का? चुकलंय?"

"नाही, नाही. बरोबर आहे."

ती वैशालीशी काहीतरी बोलत हसत होती. तिच्या केसात गवताची काडी अडकली होती. मी सगळ्यांकडे एकेक करून बघितलं आणि पहिल्यांदाच मला त्या रकान्याची भीती वाटली. सहातून पाच. मग सहावं कोण? माझे डोळे फिरून फिरून मृणालवरच यायला लागले. दुसऱ्या कोणाचा विचारच मनात येईना, याची मला आज लाज वाटते, पण खरं तेच आहे.

सव्वादोनला धूर हलला. आधी जरासा डुलला, आणि मग पश्चिमेकडे झुकला, म्हणजे वारा पूर्वेचा. मी वळून पूर्वेला, ब्रह्मगिरीकडे पाहिलं. त्याच्या मागून ढगाचा एक पांढरा गड्डा वर येत होता, आणि तो बघता बघता फुगत होता.

"सर, चला," दिगू उठला. त्यानंही ते पाहिलं होतं. "हे अंगावर यायच्या आत पायऱ्या उतरून घेऊ. विजा सुरू झाल्या तर माथ्यावर थांबायचं नाही, तुमचंच वाक्य आहे."

माझंच होतं. अगदी बरोबर होतं. ती ओळ नसती तर मी त्या क्षणाला शिट्टी वाजवून सगळ्यांना खाली काढलं असतं. पण मी मनात हिशेब केला : आता निघालो तर तीनच्या आसपास पायऱ्यांच्या तोंडाशी. नवीन दोघांना उतरवायला पाऊण तास, कदाचित जास्तच. म्हणजे साडेतीनला आम्ही बरोब्बर त्या उभ्या कातळावर असणार.

आणि थांबलो तर? माथ्यावर वीज पडून पाच राहिले तर? ओळीत जागा लिहिलेली नव्हती. नुसता आकडा होता. लीडर म्हणून आयुष्यात मी इतका असहाय कधी झालो नव्हतो. भुताला घाबरणं सोपं असेल, पण मी माझ्याच अक्षराला घाबरलो होतो.

"थांबू," मी म्हटलं. "कोठीत बसू. जाड भिंती आहेत."

"सर, वेडेपणा करू नका! अजून आभाळ मोकळं आहे, झपाझप उतरू."

"झपाझप? या दोघांना घेऊन?"

"मी आणतो त्यांना! तुम्ही पुढे व्हा. साडेपाचची एसटी शेवटची आहे, दुकान उद्या सकाळी आठला उघडायचंय मला." त्यानं सॅक पाठीला लावलीसुद्धा. राजेशही उठला. वैशाली रडवेली होऊन एकदा याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. खरं कारण मी कसं सांगणार होतो? वहीत आपोआप ओळ उमटली म्हणून? सोमाबाबाला हसणारा मी!

मग मी आयुष्यातलं पहिलं नाटक केलं. दोन पावलं टाकली, ओरडलो आणि गुडघा धरून खाली बसलो.

"गेला... गुडघा गेला. पाय टेकवत नाही."

शशीताईंनी पॅन्ट वर करून गुडघा दाबून पाहिला. त्या नर्स. सूज नाही, काही नाही, त्यांना कळलंच असणार. त्यांनी माझ्या तोंडाकडे क्षणभर बघितलं आणि दिगूला म्हणाल्या, "यांना आत्ता पायऱ्यांवर नेता येणार नाही." बस. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. दिगू तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला आणि सॅक आपटली.

तीन वाजता ऊन गेलं. तीन-दहाला पहिला गडगडाट झाला आणि आम्ही एकेक करून त्या खिडकीतून आत सरकलो. आत काळोख, कोंदट वास. टॉर्च एकच होती. बाहेरचा उजेड आधी पिवळा झाला, मग हिरवट, आणि वारा असा सुटला की खिडकीतून धूळ आणि गवत आत यायला लागलं. मी मृणालचं मनगट धरून बसलो होतो. तिनं दोनदा सोडवून घ्यायचा प्रयत्न केला.

"बाबा, दुखतंय."

"असू दे."

तीन-पंचवीसला गारा सुरू झाल्या. मी नाशिकच्या द्राक्षबागांवर पडलेल्या गारा पाहिल्यात, पण डोंगरमाथ्यावर, दगडी छपराखाली तो आवाज... बोलणं ऐकू येईना. वैशालीनं कान झाकून घेतले होते. एक वीज इतक्या जवळ पडली की उजेड आणि आवाज एकदमच झाला आणि दाताला दात लागले. मी मोठ्यानं मोजायला लागलो. एक... दोन... तीन... टॉर्च तोंडावर मारून. सहा. परत. सहा. दिगू ओरडला, "सर, आहोत सगळे! किती वेळा मोजताय?" मी परत मोजले.

साडेतीनला मी थर्मामीटर खिडकीबाहेर धरला. एक गार बोटांच्या पेरावर अशी बसली की हात बधिर झाला. थर्मामीटर आत घेतला, टॉर्च धरली. चौदा. तेरा नाही, पंधरा नाही.

मला पेन्सिल धरता येईना. बोटं सुजली होती. वही थांबवायची नाही हा नियम, म्हणून मी सवयीनं मृणालकडे दिली. "साडेतीनची... माणसं लिही. सहा."

तिनं टॉर्चच्या उजेडात पान पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा एकदम लहान, पाटी-पेन्सिलच्या वयातला दिसला. मला वाटलं, आता विचारेल. पण तिनं पाचावर काट मारली, शेजारी सहा लिहिलं, आणि वही मला न देता स्वतःच्या सॅकमध्ये टाकली. आणि मग, मघापासून मनगट सोडवून घेणारी माझी मुलगी, माझ्या बाहीला घट्ट धरून बसली.

सव्वाचारला सगळं थांबलं. बाहेर आलो तर माथा पांढरा. पायऱ्यांच्या तोंडाशी जाऊन पाहिलं : प्रत्येक पायरीत आणि खोबणीत गारा ठासून भरलेल्या आणि वरून पाण्याची धार. दिगू माझ्याशेजारी उभा राहून खाली बघत होता. "यात असतो आपण..." एवढंच म्हणाला. पुढे परतीच्या वाटेभर त्यानं एकही विनोद केला नाही.

पायऱ्यांना तासभर ऊन खाऊ दिलं, गारा वितळू दिल्या. मग उतरायची वेळ आली. मी नेहमीप्रमाणे पुढे झालो, तर मृणाल आडवी आली.

"मी पहिली उतरते. तुम्ही शेवटी या."

"लीडर मी आहे."

"आज नाही आहात!" ती इतक्या जोरात ओरडली की कातळावरून आवाज परत आला. तिनं माझ्यावर आवाज चढवलेला मी तोवर ऐकला नव्हता. डोळ्यांत पाणी. "तुमचा गुडघा दुखतोय ना? मग?"

माझ्याच नाटकात मी अडकलो होतो. ती खाली गेली, एकेकाचं पाऊल धरून उतरवत, आणि मी सगळ्यात वरून, प्रत्येक पायरीला तिचं नाव घेऊन ओ मिळेपर्यंत थांबत होतो. माझ्या मते धोका तिला होता आणि ती धोक्याच्या जागी होती. तो पाऊण तास मी कसा काढला ते लिहिता येत नाही. मधोमध एका पायरीचा अख्खा कोपरा उडालेला दिसला, सकाळी नव्हता. आतला दगड ताजा, पांढुरका. शशीताई म्हणाल्या, "वरून मोठं काहीतरी आपटलंय इथे."

खाली पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. एसटी गेलेली. सोमाबाबा वाटेवरच उभा होता. "राब जळला माजा," त्यानं सांगितलं, "पन तुमी वरच व्हते. लय घोर लागला व्हता." मी त्याला हात जोडले. त्याला वाटलं, त्यानं पुढे केलेल्या चहासाठी. त्र्यंबकला जाणाऱ्या एका जीपनं आम्हाला घेतलं.

घरी कोणाला काही बोललो नाही, मृणालच्या आईलाही नाही. पण आठ दिवसांनी मृणालला बसवून सांगितलं, आता डोंगर बंद. कारण विचारू नकोस. मला वाटलं होतं थयथयाट होईल. तिनं शांतपणे विचारलं, "मी नाही जाणार. पण मग तुम्हीही जायचं नाही. कबूल?"

मला वाटलं, पोरगी सौदा करतेय. बापाला डोंगराशिवाय राहवणार नाही आणि बंदी उठेल, असा तिचा डाव असेल. मी ताठ्यात म्हटलं, कबूल. आम्ही दोघांनीही शब्द पाळला. वही तिनं परत दिली, ती मी कपाटात टाकली. ग्रुप मोडला. दिगू अजून भेटला की विचारतो, गुडघा कसा आहे.

मधे दहा वर्षं गेली. मृणालचं लग्न झालं, पहिल्या बाळंतपणाला ती घरी आली. बाळ अशक्त होतं, डॉक्टरांनी दूध किती वेळानं, किती घेतलं ते लिहून ठेवायला सांगितलं होतं. एका सकाळी तिच्या उशाशी ते पान मला दिसलं. डाव्या बाजूला आखून लिहिलेल्या वेळा, पुढे रकाने. बापाची सवय, म्हणून हसलो. मग जवळ घेऊन बघितलं आणि हसू थांबलं. पेन्सिलीची प्रत्येक ओळ जराशी पुसट होती... डावीकडून उजवीकडे. डावखुऱ्या माणसाचा तळहात लिहिता लिहिता आधीच्या अक्षरावरून फिरतो ना, तशी.

मी कपाट उघडलं. हरिहरचं पान काढलं. त्या दिवसाच्या सगळ्या नोंदींत माझ्या ओळी स्वच्छ, आणि पुसट ओळी फक्त दोन. अकराची, जी तिनं लिहिली होती. आणि साडेतीनची.

पोरांच्या उत्तरपत्रिकांतल्या कॉप्या पकडण्यात हयात घालवली मी. दहा वर्षं कपाटातली ही एक ओळ मला वाचता आली नव्हती. माझाच नियम मी विसरलो होतो. पायऱ्यांवर असताना वही माझ्याकडे नसतेच. साडेतीनची नोंद मी करणारच नव्हतो.

मृणाल दारात बाळाला घेऊन उभी होती. माझ्या हातातली वही तिनं पाहिली.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"तिथेच कळलं. कोठीत." ती हळू बोलत होती, बाळ झोपलं होतं म्हणून. "मी लिहिलं नव्हतं बाबा, आईची शप्पथ. पण अक्षर माझं होतं. आपलं अक्षर माणूस ओळखतोच ना. आणि वही माझ्याकडे म्हणजे तुम्ही खाली पायऱ्यांवर... सगळ्यात पहिले."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? की त्या पाचात तुम्ही नाही?"

 मी दहा वर्षं तिला जपत होतो, ती मला. मग मी तिला ते विचारलं, जे विचारायला नको होतं. "गारा पडतायत, बाप समोर खाली गेलाय... आणि तू चौदा डिग्री, वाऱ्याची दिशा, सगळं लिहीत बसलीस?"

तिनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "तुम्हीच शिकवलं होतंत ना. काहीही झालं तरी वही थांबवायची नाही."

मी रडलो. साठीच्या आसपासचा मास्तर, नातवासमोर.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. मृणालनंच गंमत केली असं म्हणाल, तर साडेअकरा ते दीड मी तीच ओळ कोरी पाहिली होती, आणि चौदा हा आकडा तिला कुठून कळणार? मलाच भास झाला असं म्हणाल, तर पान आहे, कोणीही येऊन बघावं. अजूनही मी या असल्या गोष्टींवर विश्वास ठेवतो का, मला माहीत नाही. एवढं मात्र आहे की कधीतरी दुपारी घरात कोणी नसताना मी ते पान काढतो. ओळीतली बाकी सगळी अक्षरं अगदी वळणदार आहेत, मी पाटीवर गिरवून घेतली होती तशी. फक्त पाचावर तिनं पेन्सिल दाबली आहे. पान उलटून मी मागून त्यावर बोट फिरवतो, आणि वही परत जागेवर ठेवतो.